विस्तवाला हात न लावता

शुक्रवारी सूर्य मावळला की धर्मनिष्ठ ज्यू माणूस विस्तव पेटवत नाही. काडी ओढायची नाही, गॅस लावायचा नाही, विजेचं बटणही दाबायचं नाही. पेटलेलं विझवायचं नाही. शनिवारी रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत हा नियम चालू. या दिवसाला शब्बाथ म्हणतात. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या 35 व्या अध्यायात आज्ञाच आहे की शब्बाथाच्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये.

आता गंमत पाहा. शब्बाथ हा काही उपासाचा दिवस नव्हे. आठवड्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस. चांगलं ल्यायचं, तीनदा जेवायचं, आणि शनिवारी दुपारच्या पानात काहीतरी गरम वाढलेलं असलंच पाहिजे.

मग विस्तव न पेटवता गरम जेवण आणायचं कुठून?

इस्रायलमध्ये काय खावं असं कुणी विचारलं, की हुमुस आणि फलाफल ही नावं आधी येतात. दोन्ही चविष्ट आहेत, दोन्ही जरूर खावेत. पण ते मुळात त्या प्रदेशातल्या अरब स्वयंपाकघरांचं देणं आहे, इस्रायल हे राष्ट्र जन्मण्याच्या कितीतरी आधीचं. मला थक्क करतात ते दुसरेच पदार्थ. वरच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जन्मलेले, रात्रभर कुणाचाही हात न लागता तयार होणारे. येमेनमधल्या स्वयंपाकघराने पोलंडमधलं कधी पाहिलं नव्हतं, मोरोक्कोतल्या बाईची बगदादच्या बाईशी गाठ पडली नव्हती. तरी सगळ्यांपुढे कोडं एकच होतं. आणि उत्तरं? एकासारखं दुसरं नाही.

आधी नियम नीट समजून घेऊ, कारण सगळी करामत तिथेच आहे. विस्तव पेटवायला बंदी आहे, पण शुक्रवारी दिवसाउजेडी पेटवलेला विस्तव आपोआप जळत राहिला तर चालतं. शिजवायला बंदी आहे, पण आधीच बऱ्यापैकी शिजलेलं भांडं उबेत राहिलं तर चालतं. बऱ्यापैकी म्हणजे किती? इथे तालमूद या ज्यू धर्मग्रंथात चक्क एका दरोडेखोराचं नाव येतं. बेन द्रुसाय नावाचा हा माणूस सदा पळापळीत असायचा, त्यामुळे अन्न अर्धंकच्चं असतानाच खाऊन मोकळा व्हायचा. त्याला खाता येईल इतपत अन्न शुक्रवारी शिजलेलं असेल, तर ते ‘शिजलेलं’ धरायचं! एक तृतीयांश की निम्मं, यावर पंडितांनी शतकानुशतकं वाद घातला. पण एका घाईतल्या दरोडेखोराची भूक हे जगभरच्या स्वयंपाकघरांचं माप होऊन बसलं, हे केवढं विलक्षण!

त्याहून विलक्षण आहे ती मिश्नामधली यादी. मिश्ना हा इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेला धर्मनियमांचा ग्रंथ. त्यात प्रश्न येतो की गरम भांडं शब्बाथासाठी कशात पुरून ठेवावं? कपड्यांत ठेवावं. फळाधान्यात, कबुतराच्या पिसांत, सुताराच्या भुशात, तागासारख्या जवसाच्या बारीक तंतूंत ठेवावं. कशात ठेवू नये? ऑलिव्हच्या पेंडीत, शेणखतात, मिठात, चुन्यात, वाळूत. आणि गवत, पेंढा, द्राक्षाची सालं? ती वाळलेली असतील तर चालतील, ओली असतील तर नाही.

हे वाचताना क्षणभर थांबायला हवं. ओल्या गवताचा ढीग आतून तापतो, कारण त्यात जंतू वाढतात आणि उष्णता सोडतात. वाळलेलं गवत असलेली उष्णता फक्त धरून ठेवतं. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे विरजणाचं पातेलं रजईत गुंडाळून ठेवतात तेव्हा रजई ऊब निर्माण करत नाही, जाऊ देत नाही. नेमका तोच फरक. शेणखत आणि पेंड उष्णता वाढवतात, पिसं आणि भुसा ती राखतात. उष्णताशास्त्राची पुस्तकं लिहिली जाण्याच्या कितीतरी शतकं आधी, तापमापक कुणी पाहिलाही नव्हता तेव्हा, ही विभागणी स्वच्छ मांडलेली आहे.

शिवाय नियमकर्त्यांना माणसाचा स्वभावही पक्का ठाऊक होता. चुलीवर भांडं ठेवून जायचं असेल तर निखारे आधी बाहेर ओढा किंवा राखेने झाका, असं मिश्ना सांगते. का? कारण धगधगता निखारा समोर दिसला की माणसाचा हात तो सारखा करायला जाणारच! आजच्या इस्रायली घरांत ही राख वेगळ्या रूपात भेटते. गॅसच्या ज्योतीवर पत्र्याचा तुकडा ठेवतात, किंवा ‘प्लाता’ नावाची विजेची सपाट तापपट्टी वापरतात. तिला कमीजास्त करण्याचं बटणच नसतं.

सूर्यास्तानंतर ढवळायचं नाही, पाणी घालायचं नाही, आच वाढवायची नाही. स्वयंपाक करणारीच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. मीठ कमी पडलं तर? पाणी आटलं तर? शुक्रवारी दुपारी तिने उद्या दुपारचं भांडं मनात पाहिलेलं असावं लागतं, इतक्या तासांनंतर दाणा किती फुगेल, रस किती उरेल, तळ किती धरेल, सगळं. त्यानंतर फक्त वाट पाहायची.

पूर्व युरोपातल्या गावांमध्ये घरोघरी रात्रभर टिकेल अशी भट्टी नव्हती. मग शुक्रवारी दुपारी प्रत्येक घरातून एकेक मडकं गावच्या पाववाल्याकडे जायचं. पाव भाजून झालेली, भिंतीपर्यंत तापलेली त्याची भट्टी. सगळी मडकी आत, तोंडाला मातीचा लेप. शनिवारी प्रार्थना आटोपून माणसं परतताना लेप फोडला जायचा आणि जो तो आपलं मडकं ओळखून घरी न्यायचा. आत असायचं चोलंट: घेवड्याच्या जातीचे दाणे, सातूसारखं जाडं धान्य, बटाटा, कांदा, आणि परवडेल तेवढं मांस. परवडायचं ते बहुधा चिवट, हाडाजवळचं. आणि हेच तर नशीब! चिवट मांसातला कोलॅजन साठ-सत्तर अंशांपुढे हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि त्यासाठी मोठी आच नको, वेळ हवा. कोवळं महागडं मांस रात्रभरात चोथा होईल. गरिबाचा तुकडा मात्र सकाळी चमच्याने तुटतो आणि त्याचं जिलेटिन दाण्यादाण्याला चिकटून राहतं.

मोरोक्कोत याच भांड्यात छोले, गहू, अख्खी अंडी आणि खजूर पडतात, नाव दफीना. बगदादमध्ये ते तिबीत होतं. तांदूळ आणि मसाला भरलेली अख्खी कोंबडी, भोवती आणखी तांदूळ, आणि सकाळी तळाशी जी खरपूस खरवड जमते तिच्यावरून घरात भांडणं.

पण या सगळ्यांतला माझा सर्वांत लाडका चमत्कार अगदी साधा आहे. अंडं.

अंडं दहा मिनिटं उकडलं की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वीस मिनिटं उकडलं तर पांढरं रबरी होतं, पिवळ्याभोवती हिरवट कडं धरतं, गंधकाचा वास सुटतो. म्हणजे बारा तास ठेवलं तर? अगदीच बिघडेल ना? नाही! उकळीच्या खाली, मंद उबेत रात्रभर ठेवलेलं अंडं सकाळी सोलून बघा. पांढरा भाग पांढरा नसतोच. तो चहाच्या रंगाचा, फिकट तपकिरी झालेला असतो. खाल्लं तर भाजलेल्या दाण्याची, जरा मांसासारखी चव. पिवळं लोण्यासारखं मऊ.

हा रंग आला कुठून? कांद्याची सालं किंवा कॉफी घातली तर कवच रंगतं, पण आतला रंग अंड्याचा स्वतःचा असतो. पाव भाजताना, कांदा परतताना, मांस भाजताना जी तपकिरी झाक येते तिच्यामागे माइयार अभिक्रिया असते, म्हणजे साखर आणि प्रथिनं यांची उष्णतेतली गाठभेट. एरवी तिला कडक आच लागते. पण अंड्याच्या पांढऱ्यात दोन गोष्टी आयत्या असतात. एक, थोडंसं ग्लुकोज. दुसरी, त्याचा अल्कधर्मी गुण; असा गुण असला की ही अभिक्रिया कमी उष्णतेतही पुढे सरकते. अगदी सावकाश, तासागणिक थोडी. म्हणजे अंडं बंद कवचात, पाण्याच्या भांड्यात, आगीचं तोंडही न पाहता चक्क भाजलं जातं! कुठल्या स्वयंपाक्याने हे मुद्दाम शोधलं असतं? चूल बंद ठेवायचा नियम नसता, तर अंडं रात्रभर विसरायचं कुणाला सुचलं असतं?

तीच हळू चालणारी किमया कणकेत पाहायची असेल तर जखनून. हा येमेनमधल्या ज्यूंचा पदार्थ. मैद्याची कणीक मुरवतात, मग हाताने ताणत ताणत इतकी पातळ करतात की पलीकडचं दिसावं. वरून तूप किंवा मार्जरीन चोपडायचं, घड्या घालायच्या, गुंडाळी करायची. अशा गुंडाळ्या भांड्यात एकमेकींवर रचतात, त्यांच्यावर कवचासकट अंडी ठेवतात, झाकण घट्ट लावतात आणि रात्रभर मंद आचेवर ठेवून देतात. शुक्रवारी पांढरीफटक गेलेली गुंडाळी शनिवारी सकाळी गुळासारखी तांबूस होऊन बाहेर येते. पदर सुटलेले, थोडी चिवट, थोडी गोड. भाजली म्हणावी तर कुरकुरीत नाही, उकडली म्हणावी तर रंग असा कसा? सोबत किसलेला टोमॅटो, ते तपकिरी अंडं, आणि झूग. झूग म्हणजे हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि मसाल्यांचं वाटण. ठेचा खाणाऱ्याला त्याची ओळख करून द्यायची गरज नाही.

त्याच घराण्यातला कुबाने हा झाकणाच्या भांड्यात रात्रभर भाजला जाणारा पाव. जेरुसलेमचा कुगल त्याहून चक्रावणारा. साखर जाळून काळपट करायची, त्यात बारीक शेवया घोळवायच्या आणि वर भरपूर काळी मिरी. रात्रभर भट्टीत राहिला की कापून वड्या पडतात. गोड की तिखट ठरवता येत नाही, आणि सोबत देतात आंबवलेली काकडी! विस्तवाशी संबंध नसलेलं एक उदाहरणही सांगायलाच हवं. शब्बाथला जसं शिजवायचं नाही तसंच निवडायचंही नाही; मिश्नातल्या 39 वर्ज्य कामांत निवडणं येतं. मग ताटात माशाचे काटे कसे काढायचे? त्यावर गेफिल्टे फिश हा तोडगा. काटे शुक्रवारीच काढून, मासा वाटून, गोळे करून शिजवायचे आणि गारच वाढायचे. हा पदार्थ युरोपभर शब्बाथचा ठरला तो या सोयीमुळे, असं सांगतात.

या गरम भांड्याने लोकांना फक्त जेवू घातलं नाही. त्याने त्यांची ओळखही सांगितली. कराइट नावाचा ज्यूंचा एक पंथ होता. शब्बाथला घरात विस्तव मुळीच जळता कामा नये, असं ते मानत आणि गार जेवत. त्यांच्या विरोधातले धर्मगुरू इतके इरेला पेटले की बाराव्या शतकातल्या एकाने लिहून ठेवलं, जो शनिवारी गरम जेवत नाही त्याच्या श्रद्धेचीच शंका घ्यावी. पुढे स्पेनमध्ये हीच गोष्ट जिवावर उठली. 1492 मध्ये ज्यूंना देशाबाहेर काढलं गेलं. जे ख्रिस्ती होऊन मागे राहिले त्यांच्यावर धर्मन्यायालयाची नजर. शुक्रवारी संध्याकाळी भांडं चढवलं, शनिवारी धूर दिसला नाही, छोल्यांची अदाफीना, म्हणजे तीच दफीना, खाल्ली, असल्या साक्षी त्या कागदपत्रांत सापडतात. एका मडक्यातला वास माणसाला तुरुंगात घालू शकत होता. तरी ते मडकं चढत राहिलं, हे वाचून माझ्या अंगावर काटा येतो.

मग विसाव्या शतकात ही सगळी मडकी एका गावी आली. मे 1948 मध्ये इस्रायल स्थापन झालं तेव्हा तिथले ज्यू साडेसहा लाखांच्या आसपास होते. 1951 संपेपर्यंत आणखी जवळपास सात लाख येऊन पोचले. 1949-50 मध्ये येमेनमधून विमानांनी सुमारे 49 हजार माणसं आणली गेली. त्यानंतर लगेच इराकमधून सव्वा लाखाच्या आसपास. घरंदारं मागे राहिली, पैसा मागे राहिला, धान्य रेशनवर होतं. जखनूनला मात्र पीठ, पाणी, थोडी चरबी आणि एक रात्र एवढंच लागतं. शेजारच्या दारातून येणारा तो शनिवारचा वास पोलंडहून आलेल्या कुटुंबाने पहिल्यांदा घेतला असेल तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

बगदादी ज्यूंकडे शनिवारी सकाळची न्याहारी ठरलेली होती. शुक्रवारी तळून ठेवलेल्या वांग्याच्या चकत्या, तिबीतच्या भांड्यावर रात्रभर उबवलेली तपकिरी अंडी, कोशिंबीर, आणि वर पिवळं आंबट लोणचं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तेल अवीवला लागून असलेल्या रामत गनमध्ये इराकहून आलेल्या एका विक्रेत्याने हे सगळं पीता नावाच्या पोकळ पावात भरून विकायला सुरुवात केली. साबिख नावाचा तो पदार्थ आज देशभर मिळतो. शनिवारची न्याहारी आठवड्याचे इतर दिवस रस्त्यावर उभ्याने खाल्ली जाते.

आणि ते पिवळं लोणचं? त्याला तिथे ‘अंबा’ म्हणतात. कच्च्या कैऱ्या, मीठ, हळद, मोहरी, मेथी. हो, ते मुंबईहूनच गेलं, असं सांगतात. बगदाद सोडून आलेला व्यापारी डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास मुंबईत स्थायिक झाला, त्याच्या मागोमाग बगदादी ज्यूंची वस्ती वाढली. मुंबईचं ससून ग्रंथालय, पुण्याचं लाल देऊळ ही त्याच मंडळींची आठवण. मुंबई आणि बसरा यांच्यामधल्या जहाजांतून कैरी बगदादला पोचली आणि तिथल्या घरांतली झाली. पुढे बगदाद सुटलं तेव्हा लोणचं सोबत आलं. इस्रायलमध्ये अंब्याची आणखी एक ख्याती आहे. तो भरपूर खाल्ला की दुसऱ्या दिवशी घामालाही त्याचा वास येतो. यात अतिशयोक्ती नाही. मेथीत सोटोलोन नावाचं सुगंधी द्रव्य असतं, ते शरीरातून जाताना फारसं मोडत नाही आणि घामावाटे बाहेर पडतं. बाळंतिणीचे मेथीचे लाडू ज्या घरात होतात तिथे हे कुणाला नवीन नसावं.

कैरी गेली, तशी माणसंही गेली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा आहे. कोकणात ते तेलाचे घाणे चालवू लागले. काळाच्या ओघात हिब्रू विसरली, ग्रंथ उरले नाहीत, भाषा मराठी झाली, आडनावं पेणकर, रेवदंडकर, किहीमकर झाली. पण शनिवारी घाणा फिरत नसे. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं, ‘शनिवार तेली’. ग्रंथ नसताना एक सुट्टी इतकी शतकं टिकावी आणि शेजाऱ्यांनी तिचंच नाव माणसांना द्यावं!

त्यांच्या स्वयंपाकघरानेही कोडी आपल्या पद्धतीने सोडवली. शब्बाथच्या आशीर्वादाला द्राक्षाचा मद्यरस हवा, कोकणात तो कुठला मिळणार? काळ्या मनुका भिजवून सरबत केलं. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही, मग मटणाच्या रश्श्याला दाटपणा आणि मांसाहारी जेवणानंतरच्या गोडाला दूध कशाचं? नारळाचं. त्यांच्या नववर्षाला, रोश हशानाला, गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात चिकाचा हलवा होतो. नवस फेडताना, लग्नकार्यात एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचं स्मरण करून मलिदा मांडतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुका मेवा, वर फळं.

1950 आणि 60 च्या दशकांत या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला या गावांत त्यांची वस्ती आहे, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं. तेव्हा तिथे जाणं झालंच, तर बेत असा करा. गुरुवारी रात्री बने ब्राक गाठा. शब्बाथपर्यंत धीर न धरणारे लोक तिथे आदल्या रात्रीच चोलंटच्या थाळ्या घेऊन बसलेले असतात. शुक्रवारी सकाळी जेरुसलेमच्या महाने येहुदा बाजारात कुगलचा तुकडा घ्या, पण दुपारपर्यंत उरका, कारण सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी फळ्या पडू लागतात आणि शब्बाथचा भोंगा वाजतो. शनिवारी सकाळी तेल अवीवच्या आसपास कुठे रस्त्याकडेला जखनूनचं टेबल मांडलेलं दिसेल, तिथे थांबा आणि झूग जास्त मागा. साबिख रविवारी खा, अंबा सढळ हाताने घालून. आणि दिमोनात कुणी ओळखीचं निघालं, तर मलिद्याचं आमंत्रण मिळवाच.